राणीचा कवी आणि धुणेवाली

कष्टकऱ्याने कविता लिहिली की प्रस्थापितांना आधी आश्चर्य वाटते, मग कौतुक वाटते. या कौतुकाची किंमत कोण मोजतो, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मी अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या दोन कविता घेतो आहे. मी वर्गात पोप आणि स्विफ्ट शिकवतो. त्याच काळात शेतमजूर आणि मोलकरीणही लिहीत होत्या, हे मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले नव्हते.

स्टीफन डक १७०५ साली विल्टशर परगण्यातील चार्लटन गावी जन्मला. चौदाव्या वर्षाच्या आतच शाळा सुटली आणि तो शेतमजूर झाला. आठवड्याची मजुरी साडेचार शिलिंग. शब्दकोश हाताशी घेऊन त्याने मिल्टन वाचला. १७३० साली त्याची ‘द थ्रेशर्स लेबर’ ही मळणीच्या कष्टांवरची कविता छापली गेली.

ही कविता इंग्रजी काव्यातल्या गोड खेड्याला उघडे पाडते. मेंढपाळ बासरी वाजवू शकतो, गोष्ट सांगू शकतो; मळणीकऱ्याचा शब्द मात्र दांडक्यांच्या आवाजात बुडून जातो. कोठारात ना झरा, ना पाखरू. वाटाणा झोडपून तोंड इतके काळे होते की घरी गेल्यावर स्वतःची पोरे भितात. सुगी संपल्यावर मालक मेजवानी देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोडपणी सुरू होते, तेव्हा ती मेजवानी ही फसवणूक होती हे कळते. अनुभवाने लिहिणाऱ्यालाच हे दिसते.

पण याच कवितेत गवत वाळवायला आलेल्या बायका येतात आणि डकची नजर बदलते. त्याला त्यांची फक्त बडबड ऐकू येते. त्यांचे हात त्याला दिसत नाहीत.

कॅरोलाइन राणीने डकला उचलून घेतले. वर्षासन दिले, राहायला घर दिले. १७३५ साली रिचमंडच्या राजोद्यानात राणीने ‘मर्लिन्स केव्ह’ नावाची गवताने शाकारलेली एक हौसेची इमारत बांधून घेतली. आत जादूगार मर्लिनसह मेणाचे सहा पुतळे आणि एक ग्रंथालय. त्या ग्रंथालयावर डकची नेमणूक झाली. मेणाच्या पुतळ्यांशेजारी एक जिवंत नवल! स्विफ्टने त्याची टिंगल केली. राजाश्रयातला डक राजघराण्याची स्तुती करू लागला. पहिल्या कवितेच्या ताकदीचे त्याच्या हातून पुन्हा काही उतरले नाही. १७४६ साली तो धर्मोपदेशक झाला आणि १७५६ साली त्याने पाण्यात जीव दिला. त्या मृत्यूचे कारण मी सांगू शकत नाही. कवितेचा ऱ्हास मात्र पानांवर दिसतो.

आता दुसरी कविता. मेरी कॉलियर हॅम्पशर परगण्यातील पीटर्सफील्डची. ती शाळेत गेलीच नाही. आईने वाचायला शिकवले. लोकांकडे धुणे धुवावे, भांडी घासावीत, हे तिचे काम. डकच्या कविता तिने पाठ केल्या आणि १७३९ साली ‘द वुमन्स लेबर’ लिहून त्याला उत्तर दिले. बाई शेतात तान्हे मूल घेऊन जाते. घरी येऊन रांधते, डुकरांना घालते. नवरा झोपतो, ती रात्री मुलांसाठी जागते. पहाटेच्या अंधारात ती मालकिणीच्या दारी पोचते. तलम कपडे जपून धू, साबण वाचव, असे मालकीण बजावते. मनगटावरून घामाबरोबर रक्त ओघळते आणि दिवसाअखेर सहा किंवा आठ पेन्स मिळतात. डकने स्वतःला सिसिफसची उपमा दिली होती. कॉलियर डॅनॉसच्या मुलींची आठवण देते, ज्यांना गळक्या भांड्यात पाणी भरत राहायचे होते. शेवटी मधमाश्या येतात: मध त्यांचा, धनी दुसराच.

कॉलियरने पुस्तक स्वखर्चाने छापले. नफा दुसऱ्यांनीच नेला, असे तिने नोंदवले आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत ती धुणेच धूत राहिली. तिच्या दारिद्र्याचा गौरव मला करायचा नाही. आश्रय मिळाला नाही म्हणून ती थोर ठरली, असेही मी म्हणत नाही. तिची कविता मोठी आहे, कारण शोषिताच्या आत दडलेला मालकही तिने दाखवला.

डकची आणि आपली कहाणी एकच आहे, असे कोणी म्हणू नये. तो दरिद्री होता, अस्पृश्य नव्हता. मळणी सोडून तो चर्चचा उपदेशक होऊ शकला. काळाराम मंदिरात पुजारी होणे दूरच, नुसत्या प्रवेशासाठी १९३० साली आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. हा फरक विसरून केलेली तुलना आपल्याच लढ्याचे मोल कमी करील.

लॉर्ड पामर्स्टनने चार्लटनला एक जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून डकच्या नावाने मळणीकऱ्यांना दरवर्षी मेजवानी मिळू लागली. ही प्रथा विसाव्या शतकातही टिकून होती. मेजवानीला फसवणूक म्हणणाऱ्या कवीचे स्मारक मेजवानीच! १९८९ साली इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन आणि मेरियन सग्डेन यांनी या दोन्ही कविता एकाच पुस्तकात आणल्या. मला हा निर्णय समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. डकला कॉलियरशिवाय वाचले तर अर्धेच श्रम दिसतात. आपल्या साहित्याची समीक्षा करतानाही, सत्कार कोणाचा झाला यापेक्षा कोणाचे उत्तर ऐकायचे राहून गेले, हे आधी तपासले पाहिजे.