बॉम जेझसची उघडी भिंत

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या मार्गाने दक्षिणेस उतरत गेले की काळ्या पाषाणाचा प्रदेश मागे पडून रत्नागिरीच्या बाजूस जांभ्याच्या भिंती दिसू लागतात. या दगडाचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेच्या बाह्यांगाविषयीच्या वादाचा निर्णय करता येणार नाही.

इ. स. १५९४ मध्ये आरंभिलेले व १६०५ मध्ये पूर्ण झालेले हे जेझुइट चर्च आज उघड्या तांबूस दगडाचे म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु हे रूप मूळचे नव्हे. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, बाल्तझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली उतरविण्यात आला. वास्तू प्राचीन असेल तर ती प्राचीन दिसलीही पाहिजे, अशी त्यामागील समजूत असावी. ती आम्हांस मान्य नाही.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, मातकट अंश धुऊन जातो आणि लोहयुक्त सांगाडा तेवढा उरून दगड मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होतो. दर्शनी भागातील कोरीव कामास मात्र वसईकडील काळा दगड आणविला होता. म्हणजे बांधणाऱ्यांनी जेथे दगड दाखवावयाचा तेथे टिकाऊ दगड योजला आणि जांभ्यास पांघरूण दिले, असे दिसते. गिलावा हा येथे अलंकार नव्हे. ते इमारतीचे अंगच होय.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने प्रत्येक कालखंडाने वास्तूत घातलेली योग्य भर आदरणीय मानली आहे; मग दोन-तीन पिढ्यांच्या भाविकांनी पाहिलेले हे तांबडे रूपही का जपू नये? पण कास्त्रो यांनी भर घातली नाही, काढून घेतले. आणि जे काढले त्याचे मोल दर पावसाळ्यात दगड चुकवीत आहे. अनुमान सुरू होते तेथे थांबावे, हा त्याच सनदेचा दंडकही आडवा येत नाही. गिलाव्यासह घेतलेली जुनी छायाचित्रे उपलब्ध आहेत.

मात्र नवा गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंटचा थर ओल आत कोंडून दगडास अधिक अपाय करील. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्यात उभे आहे. अभ्यासकाने पावसाळा सरताच तेथे जावे व दोन्ही भिंती जवळून पाहाव्यात.