विषाचा माग

कांहीं ग्रंथ असे असतात कीं, ते न वाचतांच त्यांच्याविषयीं मत बनविण्याची सोय होऊन बसते. रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेचा, १९६२ सालीं प्रसिद्ध झालेला ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ त्यांपैकींच होय. कोणी त्याला वेदवाक्य मानतात. तर कोणी, डीडीटीवर बंदी आणवून हिंवतापाला लक्षावधि बळी देणारें पुस्तक म्हणून त्याला दूषणें देतात. ग्रंथ उघडून वाचला असतां या दोन्ही मतांपैकीं एकहि टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ज्या द्रव्याविषयीं हा वाद आहे त्याची हकीकत थोडक्यांत अशी. डीडीटी प्रथम १८७४ सालीं प्रयोगशाळेंत तयार झालें. परंतु त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आला तो १९३९ सालीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३-४४ च्या हिंवाळ्यांत, नेपल्स शहरीं उवांमुळें पसरलेली टायफस तापाची सांथ या भुकटीच्या साह्यानें आटोक्यांत आली, आणि १९४८ सालीं म्यूलर यांना वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. कार्सनबाईंना ज्या शत्रूशीं झुंजावयाचें होतें तो असा उपकारकर्त्याच्या वेषांत घरोघर शिरलेला होता.

ग्रंथाचा आरंभ आम्हांस त्याचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. एका कल्पित गांवावर अवकळा येते. सफरचंदाला बहर येतो पण मधमाशा फिरकत नाहींत, माणसें आजारी पडतात, पांखरें मुकीं होतात. असें गांव कोठेंहि नाहीं, परंतु यांतील प्रत्येक आपत्ति कोठें ना कोठें घडलेली आहे, असें लेखिका तेथेंच सांगून टाकतात. तरीहि जें निरनिराळ्या ठिकाणीं घडलें तें एका जागीं गोळा केल्यानें अतिशयोक्तीचा आरोप ओढवतो, आणि विरोधकांनीं तो केलाहि.

ग्रंथाचें खरें बळ पुढें आहे. कॅलिफोर्नियांतील क्लिअर लेक या सरोवरावर मासे धरावयास येणाऱ्या हौशी लोकांना एका बारीक चिलटाचा उपद्रव होई. तें चावत नसे. केवळ संख्येनें त्रास देई. त्याच्या नाशासाठीं डीडीटीचें भावंड जें डीडीडी, तें १९४९ सालीं पाण्यांत सोडण्यांत आलें. प्रमाण फार बेतानें ठरविलें होतें : ७ कोटि भाग पाण्यास १ भाग विष. चिलटें परत आलीं तेव्हां, १९५४ सालीं, तें ५ कोटींस १ असें केलें. त्यानंतरच्या हिंवाळ्यांत ग्रीब नांवाचे पाणपक्षी मरूं लागले. पुढें त्यांच्या चरबीची तपासणी झाली, तींत १० लाख भागांत १६०० भाग विष आढळलें. म्हणजे पाण्यांत सोडलेल्या प्रमाणाच्या सुमारें ८०,००० पट! सूक्ष्म जीवांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत असें तें चढत गेलें होतें. पाण्यांत मात्र त्याचा मागमूस उरला नव्हता.

ही हकीकत सांगतांना कार्सनबाई आवाज चढवीत नाहींत. दुव्यास दुवा जोडीत त्या वाचकाला नेतात आणि निष्कर्ष त्याचा त्याला काढूं देतात. मिशिगन येथील विद्यापीठाच्या आवारांतील रॉबिन पक्ष्यांचें प्रकरण असेंच आहे. एल्म वृक्षांचा रोग पसरविणाऱ्या भुंगेऱ्यांसाठीं विष फवारलें. झाडांचीं पानें गळलीं. तीं गांडुळांनीं खाल्लीं. गांडुळें रॉबिननें खाल्लीं. अकरा मोठीं गांडुळें एका पक्ष्याच्या मरणास पुरीं पडत, आणि तितकीं तर तो तितक्याच मिनिटांत टिपतो. त्या बर्फाळ मुलुखांत रॉबिनचें गाणें ही वसंताची द्वाही असते. चैत्र आला आणि कोकिळ बोललाच नाहीं तर काय वाटेल, हें मनांत आणल्यास ग्रंथाच्या नांवांतील वेदना मराठी वाचकास कळेल.

तथापि ग्रंथांत एक उणीव आहे, आणि ती भारतीय वाचकास विशेष जाणवेल. कीटकांपासून होणाऱ्या रोगांची उपेक्षा करावी असें कोणीहि जबाबदार मनुष्य म्हणणार नाहीं, असें लेखिका स्पष्ट लिहितात. परंतु ज्या घरांत हिंवतापानें माणूस दगावतो त्या घराला या भुकटीची काय किंमत वाटत असेल, याचें चित्र पुस्तकांत नाहीं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरसाल अंदाजें ७.५ कोटि लोक हिंवतापानें आजारी पडत व ८ लाख मरत. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू होऊन घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलें जाऊं लागलें, आणि १९६५ सालीं रोग्यांची संख्या १ लाखाच्या आसपास उतरली. हें श्रेय नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. १९७६ सालीं तीच संख्या ६४ लाखांवर गेली. मोहिमेंतील ढिलाईसारखीं इतर कारणें होतींच. पण विषाला न जुमानणारे डांस हेंहि एक मोठें कारण होतें, आणि सरसकट फवारणीनें असेच कीटक निपजतात हा इशारा कार्सनबाईंनीं चौदा वर्षें आधीं दिलेला होता. शेतांत उधळलेल्या विषाची धार रोगनिवारणाच्या कामीं बोथट होते, हें ज्याला समजलें तो लेखिकेला हिंवतापाची कैवारीण म्हणणार नाहीं. अमेरिकेनें १९७२ सालीं घातलेल्या बंदींत रोगनिवारणापुरती सवलत होती. २००१ च्या स्टॉकहोम करारानेंहि ती ठेवली. भारतानें १९८९ सालीं शेतींतील वापर बंद केला, तरी हिंवतापासाठीं फवारणी चालूच राहिली; त्यासाठीं रायगड जिल्ह्यांतील रसायनीच्या सरकारी कारखान्यांतहि डीडीटी तयार होत असे.

पुढील काळानें लेखिकेच्या बाजूस आणखी पुरावा जमविला. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होत आहेत, असें रॅटक्लिफ या ब्रिटिश संशोधकानें १९६७ सालीं दाखविलें; त्याचें मूळ डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या द्रव्यांत सांपडलें. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डीडीटीची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केली. यांतील ‘बहुधा’ विसरतां कामा नये. कर्करोगाच्या प्रकरणांत कार्सनबाईंची लेखणी याहून थोड्या अधिक निश्चयानें चालते. त्या स्वतः त्या वेळीं त्याच रोगानें ग्रस्त होत्या. ग्रंथांत त्यांनीं त्याचा उच्चारहि केला नाहीं, आणि १९६४ सालीं त्या वारल्या.

ढेकणांवर, झुरळांवर किंवा धान्याच्या कोठींत एखादी भुकटी टाकतांना ‘एवढ्याशानें काय होतें?’ असें आपण सहज म्हणतों. या ग्रंथाचीं सतराहि प्रकरणें या एका प्रश्नाचें उत्तर आहेत. तें एवढेंसें कोठें जातें, कोणाच्या पोटांत साठतें आणि कोणाच्या घरीं बाहेर येतें, याचा माग घेण्याची संवय हा ग्रंथ लावतो. पहिलें प्रकरण वगळलें तरी चालेल. क्लिअर लेकची हकीकत मात्र घरांतील शाळकरी मुलांनाहि वाचून दाखवावी.