रेमसचे रक्त

रोमची जन्मकथा भ्रातृहत्येची कथा आहे. परंपरेने इ. स. पू. ७५३ हे स्थापनावर्ष मानले. लांडगीच्या दुधावर जगलेल्या जुळ्यांपैकी रोम्युलसने रेमसला मारले आणि नगरीला आपले नाव दिले. यादवी युद्धांनी पोळलेल्या एकाच पिढीतील तीन लेखकांनी या रक्ताचे काय केले, हे पाहण्याजोगे आहे.

होरेस आपल्या सातव्या ‘एपोड’मध्ये या हत्येलाच यादवीच्या शापाचे मूळ ठरवितो. व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये ज्युपिटरच्या भविष्यवाणीत हेच दोघे बंधू एकत्र न्यायदान करताना दिसतात, हत्येचा उच्चारही तेथे नाही. लिव्ही मात्र दोन वृत्तान्त शेजारी ठेवतो. एकात रेमस दोन्ही पक्षांच्या झटापटीत पडतो; दुसऱ्यात नव्या तटावरून उपहासाने उडी मारल्याबद्दल रोम्युलस त्याला ठार करतो. दुसरा अधिक प्रचलित, एवढेच तो नोंदवितो. अशा दंतकथांचे समर्थन वा खंडन करणार नाही, हे त्याने प्रस्तावनेतच सांगितले होते.

ही तटस्थता कोणाला पळवाट वाटेल. परंतु ज्या ऑक्टेव्हियनने रोम्युलस हे नाव धारण करण्याची इच्छा बाळगली आणि इ. स. पू. २७ मध्ये ‘ऑगस्टस’ ही उपाधी स्वीकारली, त्याच्याच राजवटीत संस्थापकाच्या हातावरील डाग पुसून न टाकणे ही साधी गोष्ट नव्हती. पॅलटाइन टेकडीवरील उत्खननात लोहयुगीन झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले. रेमस मात्र साहित्यातच सापडतो. होरेसचा शाप हादरवितो, व्हर्जिलचा समेट सुखावतो. निर्णयाचा भार वाचकावर टाकतो तो लिव्हीच.