पुरस्कारांची जाळी आणि निसटणारी भुतं

एक प्रश्न विचारतो. गेल्या दहा वर्षांत टीव्हीवर पाहिलेल्या एखाद्या मराठी किंवा हिंदी पुरस्कार सोहळ्यात 'सर्वोत्कृष्ट भयकथा' किंवा 'सर्वोत्कृष्ट विज्ञानकथा' असा विभाग पाहिल्याचं तुम्हाला आठवतं का? मला तरी आठवत नाही. मग असे सिनेमे, अशा मालिका आपल्याकडे होतच नाहीत का? होतात की! तरी पुरस्कारांच्या यादीत त्या शोधाव्या लागतात. असं का होतं, ते आज बघू.

आमच्या संशोधनात 'निवड-परिणाम' नावाची एक भानगड असते. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने १९३९ च्या पुस्तकात त्याचं झकास उदाहरण दिलं होतं. समजा, एक अभ्यासक समुद्रात जाळं टाकतो. जाळीची भोकं दोन इंचांची. वर आलेले मासे मोजून तो जाहीर करतो, की समुद्रात दोन इंचांपेक्षा लहान मासाच नाही! आपण हसतो, पण पुरस्कारांचे विभाग म्हणजे अशीच जाळी असते. विभाग ज्या आकाराचे, तेवढंच हाती लागतं.

आता 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. भाषा हिंदी, पण माती, वाडा, पाऊस सगळं आपलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, आणि कल्पनेचं बीज नारायण धारपांच्या एका कथेत. फिल्मफेअरमध्ये या सिनेमाला तीन पुरस्कार मिळाले: छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी. तिन्ही अगदी योग्य. तो पाऊस आणि तो काळोख ज्यांनी उभा केला, त्यांचा तो हक्कच होता.

पण 'तुंबाड'मध्ये घाबरवतं कोण? हस्तर? मला विचाराल तर विनायक. राक्षसाच्या कमरेची मोहरांची थैली रिकामी करायला तो पुन्हा पुन्हा विहिरीत उतरतो, आणि पुढे पोटच्या पोराला त्याच विहिरीत उतरायला शिकवतो. हाव हा वारसा आहे, बाप मुलाच्या हातात देतो तो, ही या सिनेमाची खरी भीती. ती पटकथेत आहे, दिग्दर्शनात आहे. नेमकं तिथे पारितोषिक पोचलं नाही. थोडक्यात, भुताची सजावट गौरवली गेली आणि भूत दाराबाहेर राहिलं. प्रेक्षकांनी मात्र २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लागल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी केली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ला स्पर्धेतले सहा ऑस्कर मिळाले. कशाकशाला? कलादिग्दर्शन, वेशभूषा, संकलन, संगीत, ध्वनी आणि दृश्य-करामती. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'ॲनी हॉल'. पॅटर्न तोच.

साहित्यात तर हा पॅटर्न आणखी ठळक दिसतो. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला, पण त्यांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून एका पिढीची झोप उडाली, पण साहित्य अकादमीने २०१८ मध्ये त्यांना गौरवलं ते बालसाहित्यासाठी. दोन्ही सन्मान रास्तच, पण जाळं बघा. माणूस सापडला, त्याची भुतं आणि कृष्णविवरं निसटली.

टीव्हीवर काय? झी मराठीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि पुढे अण्णा नाईक, शेवंता घराघरात पोचले. पण वाहिनीच्या वार्षिक सोहळ्याचे लाडके विभाग कोणते? सर्वोत्कृष्ट कुटुंब, सासू, सून. नात्यांच्या या चौकटीत भीतीला स्वतःची खुर्ची नाही. अण्णांना बसवायचं तर कुठे, 'सर्वोत्कृष्ट वडील'मध्ये?

मग उपाय काय? वेगळं जाळं. अमेरिकेत १९७२ मध्ये डॉ. डोनाल्ड रीड यांनी विज्ञानपट, अद्भुतपट आणि भयपटांसाठी एक अकादमी काढली. तिचेच पुढे 'सॅटर्न' पुरस्कार झाले. पुढे २००६ ते २०११ या काळात स्पाइक वाहिनीवर 'स्क्रीम' पुरस्कार आले. तिथे प्रेक्षकांचं मत चालायचं.

पण इथे जरा थांबा. वेगळं जाळं म्हणजे चांगलं जाळं असं नाही. 'सॅटर्न'चा १९७८ चा सोहळा टीव्हीवर दाखवला गेला. त्यातलं आज लोकांच्या लक्षात काय आहे? विल्यम शॅटनरने सिगारेट ओढत 'रॉकेट मॅन' हे गाणं गद्यात म्हटलं, ते! कोणाला काय मिळालं हे चटकन कुणी सांगणार नाही. 'स्क्रीम'मध्ये २००८ साली 'द डार्क नाइट'ने बाजी मारली. सिनेमा उत्तमच, पण तिकीटबारीने ज्याला आधीच डोक्यावर घेतलं होतं, त्याला शोधायला जाळं कशाला हवं? लहान मासा पुन्हा निसटलाच.

आणि मुख्य जाळं कायम तसंच राहतं असंही नाही. २००४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटच्या भागाला ११ ऑस्कर मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही. आपल्याकडे नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भोकं बदलता येतात.

कशी बदलायची, याचं मला पटणारं उदाहरण आपल्याच घरचं आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक: नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा, ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना.! तोवर नारळीकर पद्मभूषण होते, जगभर माहीत होते. नाव लपवल्यामुळे परीक्षकांसमोर फक्त कथा उरली. औषधांच्या चाचणीत आम्ही ज्याला 'अंध चाचणी' म्हणतो, तीच ही. एका नमुन्यावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, पण प्रयोगाची रचना बघा: विभाग त्या प्रकारासाठीच, आणि निवाडा नावाकडे, गल्ल्याकडे न बघता. दिवे नाहीत, नाच नाही, पण मासा बरोबर सापडला.

हे मला भिवंडीत बसून जास्तच टोचतं. आमच्यासारखंच यंत्रमागांचं गाव मालेगाव. तिथे शेख नासिर आणि मंडळींनी स्वतःचा सुपरमॅन बनवला. नायक शफीक शेख, लूमवर काम करणारा किडकिडीत माणूस. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे ही गोष्ट जगाला कळली. म्हणजे तिथेही सिनेमाबद्दलच्या सिनेमाला वाव मिळाला. मूळ उडणाऱ्या माणसासाठी कुठल्या सोहळ्यात विभाग होता?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्याला झगमगता भय-विज्ञान-अद्भुत सोहळा नसला तरी चालेल. आहेत त्या पुरस्कारांत एक विभाग वाढवा, त्यात कल्पनेला गुण द्या, आणि निदान पहिल्या फेरीत नावं झाका. पुढच्या वेळी सोहळा बघताना विजेत्यांच्या आधी विभागांची यादी वाचा. कोण जिंकलं हे कळण्याआधी, कोणाला पाण्यातच ठेवलंय ते दिसेल.