सेझिनकोट : घुमट आपला, घर त्यांचं

आज आपण इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचं सेझिनकोट हे घर पाहणार आहोत. चित्र पाहताच आपल्याला काय वाटतं? 'अरे, हे तर आपल्याकडचंच!' तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीबाहेर आलेला रुंद छज्जा. हा आनंद जरा तपासून पाहू.

घर उभं राहिलं १८०५च्या सुमारास. मालक चार्ल्स कॉकरेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा मिळवून परतलेला. वास्तुरचनाकार त्याचाच भाऊ, सॅम्युअल पेपिस कॉकरेल. जवळच असलेलं वॉरन हेस्टिंग्जचं डेल्सफर्डचं घरही त्याचंच काम. बागेतल्या रचनांसाठी चित्रकार थॉमस डॅनियल होता. इथे आपला एक धागा आहे. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सची वेरूळची रेखाटनं या डॅनियलनेच १८०३ साली प्रसिद्ध केली. सेझिनकोटच्या पुलाखालचे जाडजूड खांब पाहिले की घारापुरी आठवते ती उगाच नाही.

आता दाराच्या आत चला. आत मुघल काहीच नाही! दालनं त्या काळच्या कुठल्याही इंग्रज श्रीमंताला शोभतील अशी, ग्रीक-रोमन वळणाची. म्हणजे भारत अंगरख्यासारखा वरून घातलेला.

छज्जाच घ्या ना. आपल्याकडे तो भिंतीवरचं ऊन तोडतो. जिथे माणसं उन्हासाठी आसुसलेली, तिथे तो कशाला? निव्वळ दिसायला. पुलाच्या कठड्यावर नंदी आहेत, पण समोर महादेव नाही. वरच्या तळ्याकाठी देऊळ आहे ते सूर्याचं. देवांची नावं आली, त्यांची नाती मागेच राहिली.

एक जागा मात्र आम्हाला मनापासून आवडते : घराला जोडलेलं झाडांचं वक्राकार काचघर. आपल्याकडची कमान वारा आत यावा म्हणून मोकळी असते, नाहीतर तिला जाळी असते. इथे तिच्यात काच बसवली; वारा बाहेर, उजेड आत. इथे नक्कल थांबते आणि विचार सुरू होतो.

पुढे ब्रायटनच्या राजवाड्याच्या घुमटांमागे याच घराची प्रेरणा मानली जाते. तेव्हा 'आपली शैली तिकडे पोचली' असं म्हणायला हरकत नाही. फक्त सोबत हेही विचारू या : ती कुणाच्या पैशाने पोचली, आणि दाराबाहेरच का थांबली?