भिंती तिथे, संसार इथे

पुण्यात मुलांना घेऊन आलेलं कुटुंब आधी शनिवारवाड्यावर जातं, आणि ते बरोबरच आहे. दिल्ली दरवाजासमोर उभं राहिलं की मुलाची मान आपोआप वर जाते. हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर ठोकलेले ते अणकुचीदार खिळे पाहून ते शंभर प्रश्न विचारतं आणि बापाला त्यातल्या दहांची तरी उत्तरं येतात. पंचाईत होते ती आत गेल्यावर. ‘वाडा कुठंय?’ असं मूल विचारतं, आणि त्याचं बरोबर असतं. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरले ते तट, बुरूज आणि जोती. कारंज्याचा कमळाच्या आकाराचा हौद बघून होतो, नारायणरावांच्या खुनाची गोष्ट कुणीतरी तिखटमीठ लावून सांगतं, तटावरून एक फेरी होते. पण या जागेत माणसं जेवत कशात होती, रात्री उजेड कशाचा होता, दाराला कुलूप कसलं होतं, हे त्या जोत्यांवरून मोठ्यांनाही उमगत नाही.

त्यासाठी बाजीराव रस्त्यानं पुढं यावं. रस्त्याच्या आत, नातूबागेपाशी राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. इथल्या वस्तू शनिवारवाड्यातल्या नव्हेत. त्या महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थानपासून दक्षिणेपर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या आहेत. तरी भिंती तिथे राहिल्या आणि संसार इथे आला, असं वाटल्यावाचून राहत नाही. म्हणून ही दोन ठिकाणं एकाच दिवशी आणि याच क्रमानं पाहावीत, असं माझं ठाम मत आहे.

डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाई यांच्या साथीनं, पदरमोड करून, संग्रह वीस हजारांच्या घरात नेला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये हे सगळं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. हे सांगायचं कारण एवढंच, की हा संग्रह इतिहासकाराच्या नजरेनं नाही, कवीच्या नजरेनं जमला आहे. कोणत्या राजाची, कोणत्या लढाईतली, या प्रश्नाला इथे फारसा मान नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूवर कारागिराचा जीव कुठे जडला, हे केळकर पाहत होते.

वज्रीच घ्या. पायाच्या टाचा घासायची वस्तू ती. खालची बाजू खरखरीत, आडव्याउभ्या रेघांची. काम काय ते तेवढ्या बाजूचं. वरच्या बाजूला नुसती मूठ असती तरी भागलं असतं. पण इथे मूठ म्हणून मोर बसलेला आहे, कुठे पोपटांची जोडी आहे, कुठे घोडा. ही वस्तू दिवाणखान्यात मांडायची नव्हे. न्हाणीघरातल्या ओल्या कोपऱ्यात, चार घरच्या माणसांखेरीज कुणाच्या दृष्टीला न पडणारी. तिथल्या पितळेवरही ओतणाऱ्याला मोराचा तुरा काढावासा वाटला. मुलांना हे लगेच कळतं. नाव झाकून ‘हे कशासाठी असेल?’ असं विचारलं तर पेपरवेटपासून खेळण्यापर्यंत सगळं सांगून होतं, आणि खरं उत्तर ऐकल्यावर ती आपल्याच टाचांकडे बघून हसत सुटतात.

अडकित्त्यांपुढे मात्र थोडा जास्त वेळ काढावा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. पण दोन पाती म्हटली की दोन जीव आलेच, हे कारागिरानं ओळखलेलं आहे. म्हणून कुठे स्त्रीपुरुषांची जोडी, कुठे पक्षी. अडकित्ता मिटला की ती दोघं जवळ येतात, उघडला की दुरावतात. शृंगार म्हणतात तो हाच, आणि तोही विड्याच्या तबकातला.

विंचवाच्या आकाराचं कुलूप, माशांच्या खवल्यांचं चिलखत, मोराच्या देहाची मयूरवीणा ही मुलांच्या हमखास आवडीची ठिकाणं. तिथे मोठ्यांनी बोलू नये. सांगायची पाळी येते ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी आणि दिव्यांपाशी. इथे आजी लागते. आईबाप पाटी वाचत असतात, तोवर आजी पुढे होऊन सांगते, की लामणदिव्याची साखळी खाली ओढून तेल कसं घालायचं आणि वात किती पुढे सारायची. पाट्या त्रोटक आहेत आणि काही कपाटांत दाटी इतकी की एका वस्तूवरून नजर घसरून दुसरीवर जाते. ही तक्रार खरी आहे. पण आजी बरोबर असली तर ती निम्मी उरते.

मस्तानी महालाबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून इथे तो पुन्हा उभारला आहे. बरेच लोक नावाच्या ओढीनं थेट तिकडेच जातात. झुंबरं, चित्रं, रंग, सगळं देखणं आहे. पण दारात उभं राहून बघायची ती एक सजवलेली खोली आहे. तिथे हात कुणाचाच दिसत नाही, आणि मुलं दोन मिनिटांत चुळबुळ करू लागतात. तो शेवटी ठेवावा, किंवा मुलं कंटाळली असतील तर सोडून द्यावा.

मग सारसबाग. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, हिरवळ, बाहेर भेळ. त्याचं वर्णन पुणेकरांना नको आणि बाहेरच्यांना ते पाय आपोआप तिकडे वळल्यावर कळतंच.

एवढंच सांगणं, की संग्रहालयासाठी दोन तास हाताशी ठेवा, सगळी दालनं बघण्याचा हट्ट धरू नका, आणि आजीला घर राखायला मागे ठेवून येऊ नका.