दांडेकरांची सरासरी

सरकारला सल्ला देणाऱ्या विद्वानाची नीती आपण सहसा त्याच्या स्पष्टवक्तेपणावरून जोखतो. मंत्र्यापुढे वाकला नाही, म्हणजे तो सच्चा. या कसोटीवर वि. म. दांडेकर (१९२०–१९९५) सहज उतरतात, पण मला ती कसोटी अपुरी वाटते. सल्लागाराने मोजायला कोणते माप घेतले आणि ते माप चुकले तर भुर्दंड कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. दांडेकरांच्या तीन मोठ्या कामांत माप एकच आहे: सरासरी. त्या सरासरीची चूक मात्र तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या माणसांच्या माथी गेली.

१९७१ साली नीळकंठ रथ यांच्यासह लिहिलेल्या ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी हा निकष धरला. जेवढा खर्च करणाऱ्या कुटुंबांच्या आहारात सरासरीने एवढे उष्मांक येतात, तो खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा. १९६०-६१च्या किमतींनी ती खेड्यात वर्षाला माणशी १८० रुपये आणि शहरात २७० रुपये ठरली. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तिच्याखाली होती.

यावर पां. वा. सुखात्मे यांनी घेतलेला आक्षेप शास्त्रीय होता. माणसामाणसाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाचीही रोज बदलते. मग सरासरी गरजेलाच सीमा मानले, तर पुरेसे खाणारी कितीतरी माणसे भुकेली ठरतात. सीमा खाली ओढली पाहिजे. (दोघेही सातारा जिल्ह्यातले आणि वाद पुण्यात बसून, तरी तो मुख्यतः इंग्रजीत झाला, याची खंत वाटते.) दांडेकरांचे उत्तर असे होते की कुपोषण आणि दारिद्र्य ही दोन वेगळी मापे आहेत. संख्याशास्त्राच्या अंगाने सुखात्म्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. तरीही दांडेकरांचे पारडे जड आहे, आणि त्याचे कारण गणिताबाहेरचे आहे. दांडेकर-रथांचा मुख्य उपाय होता सार्वजनिक कामांवर रोजगार. कामावर जो येईल त्याला मजुरी. तिथे दारात रेषा आखून कोणाला परत पाठवायचे नव्हते. रेषा थोडी वर गेली, तर जादा तरतुदीचा बोजा सरकारी तिजोरीवर पडणार होता, भुकेल्यावर नव्हे. पुढे शिधापत्रिकांवर ‘दारिद्र्यरेषेखालील’ असे शिक्के बसले, तेव्हा रेषेचे काम बदलले. ती माणसे गाळू लागली.

दुसरे काम १९८३-८४च्या सत्यशोधन समितीचे. तिने जिल्हा हे प्रमुख एकक धरले, राज्याच्या सरासरीच्या खाली असलेल्यांची तूट मोजली आणि अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरवला. माण-खटावसारखे दुष्काळी तालुके साताऱ्याच्या सरासरीत झाकले जातात, हा दोष उघड आहे. पण समितीचा हिशेब कोणालाही तपासता येत होता, म्हणून त्यावर भांडताही आले. त्याबद्दल इतकेच.

खरा प्रश्न पीकविम्याचा आहे. १९७६ साली दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त शेतकरीनिहाय विमा अव्यवहार्य ठरवला. प्रत्येक खातेदाराच्या मागील उत्पन्नाची नोंद कुठे आहे? नुकसान कोण ठरवणार? हयगय करणाऱ्यालाच भरपाई मिळाली तर? म्हणून क्षेत्र हे एकक घ्यावे. पीक कापणी प्रयोगांतून क्षेत्राचे सरासरी उत्पन्न काढावे. ते उंबरठा उत्पन्नाखाली गेले तर सर्व विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी. मेहनती शेतकऱ्याचे वाढीव पीक त्याच्याच पदरी राहते. कल्पना देखणी आहे. १९७९ला तिच्यावर प्रायोगिक योजना आली आणि १९८५ला देशव्यापी योजना.

इथे चुकीचा भुर्दंड एकेकट्या शेतकऱ्यावर येतो. ओढ्याकाठचे सोयाबीन वाहून गेले आणि बाकीचे मंडळ तरले, तर ओढ्याकाठच्याला उत्पन्नाच्या निकषावर काही मिळत नाही. बहुतेक धान्यपिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा कापतात. अशा मोजक्या तुकड्यांवर अख्ख्या मंडळाचा हिशेब ठरतो. २०१६च्या योजनेत गारपीट, काढणीपश्चात नुकसान यांसाठी वैयक्तिक पंचनाम्याची सोय झाली. महाराष्ट्राने २०२५च्या खरिपापासून ती काढली आणि मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर भिस्त ठेवली. म्हणजे आपण पुन्हा १९७६च्या तर्काशी आलो.

दांडेकरांचा तो तर्क मात्र सशर्त होता. क्षेत्र एकजिनसी हवे, हा त्याचा पाया होता. महसूल मंडळ आखले गेले महसुलाच्या सोयीसाठी. त्यात काळी कसदार जमीन आणि मुरमाड माळ शेजारी शेजारी असतात. १९८५पूर्वीच्या प्रयोगांचा आढावा त्यांनी स्वतः घेतला होता, तेव्हा एककाचा प्रश्न त्यांच्या नजरेबाहेर नव्हता. दारिद्र्याच्या वादात त्यांनी जेवढा हट्ट धरला, तेवढाच या अटीबाबत धरायला हवा होता, असे माझे मत आहे. सरकारने त्यांच्याकडून सरासरी उचलली. एकजिनसीपणाची अट टेबलावरच राहिली, आणि ओढ्याकाठचा शेतकरी आजही तिच्याच नावाने तक्रार अर्ज लिहितो, फक्त त्याला ते नाव माहीत नसते.